जुन्याला ठिगळ की नवी जोडणी?

२०२५च्या उन्हाळ्यात तीन तारखा आमच्या घरात एकदम मुक्कामाला आल्या. ६ जूनला केंद्र सरकारनं ‘उमीद’ पोर्टल सुरू केलं. देशभरातल्या नोंदणीकृत वक्फ मालमत्तांची माहिती आणि कागदपत्रं त्यावर सहा महिन्यांत चढवायची होती. १४ ऑक्टोबरला विंडोज १०चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट थांबणार होते. तिसरी तारीख डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिली होती, अब्बांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची. या तिन्हींच्या मध्ये उभा होता आमचा पंधरा वर्षं जुना कॉम्प्युटर. त्याला आणखी एकदा दुरुस्त करून चालवायचं की नवा जोडायचा, यावर घरात महिनाभर खल चालला. हा लेख त्या हिशेबाचा आहे. तुमच्याही टेबलाखाली असा एखादा डबा घरघरत असेल तर कदाचित उपयोगी पडेल.

आधी वक्फच्या कागदांचा आणि आमच्या घराचा संबंध सांगतो.

अब्बा उर्दू शाळेत मास्तर होते. आपला जिल्हा १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे इथले जमिनीचे, इनामाचे, वसुलीचे जुने कागद उर्दूत आहेत आणि त्याच्याही आधीचे फारसीत. पण ही उर्दू पाठ्यपुस्तकातली नाही. कारकुनानं घाईघाईत ओढलेली शिकस्ता लिपी, गाळलेले नुक्ते, सियाकच्या खुणांनी लिहिलेल्या रकमा आणि फसली सनाच्या तारखा. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन साधारण हाती लागतो, एवढं मी अब्बांकडून शिकलो. छापलेली उर्दू मी सहज वाचतो. शिकस्तासमोर मात्र माझी गाडी दुसऱ्या ओळीलाच थांबते. माझ्या ओळखीत ही लिपी सफाईनं वाचणारे दोन-तीनच आहेत आणि सगळ्यांनी सत्तरी ओलांडलेली आहे.

म्हणून लोक अब्बांकडे येतात. २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीमुळे मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना अचानक भाव आला होता. त्या हिवाळ्यात आसपासच्या गावांतले मराठा शेतकरी पणजोबांचे कागद कॅरीबॅगेत गुंडाळून आमच्या ओट्यावर येऊन बसत. अब्बा आधी चहा पाजत, मग भिंग घेऊन वाचत. पैसे घेतले नाहीत. “कागज उनका, जुबान अपनी. पैसे कायके?” एवढंच म्हणत.

२०२५मध्ये पाळी आपली होती. कब्रस्तानं, मशिदी, आशूरखाने, दर्ग्यांच्या इनामजमिनी. मराठवाड्यात अशा जमिनींचा मोठा पुरावा म्हणजे ‘मुंतखब’, हैदराबादच्या अतियात खात्यानं चौकशी करून दिलेला इनामाचा कागद. त्यात एक शब्द बघायचा असतो. इनाम ‘मशरूतुल खिदमत’ असेल तर जमीन सेवेच्या अटीवर दिलेली, म्हणजे मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या कामासाठी. ‘मदद-माश’ असेल तर ती माणसाच्या गुजराणीसाठी. बाकी पान कितीही फाटलेलं असो, हा एक शब्द नीट वाचता आला पाहिजे. पोर्टलवर मुतवल्ली किंवा कमिटी माहिती भरते, वक्फ बोर्डाचा अधिकारी ती तपासतो, त्यानंतर मंजुरी मिळते. पहिल्या पायरीवर चुकीचं वाचन भरलं गेलं तर पुढच्या पिढीनं ते निस्तरत बसायचं.

अब्बांच्या डोळ्यांना भिंग आता पुरत नव्हतं. त्यावर तोड म्हणून कागद स्कॅन करायचा, पडद्यावर तिप्पट मोठा करायचा, फिकी शाई गडद करायची आणि मग वाचायचं, अशी पद्धत आम्ही बसवली होती. आमच्यासाठी कॉम्प्युटर म्हणजे अब्बांचा चष्माच होता. आणि हा चष्मा दर ओळीला अर्धा मिनिट गोठून बसत होता. पान सरकेपर्यंत अब्बा मागच्या ओळीतला शब्द विसरत. पुन्हा मागे जायचं, पुन्हा थांबायचं. तासाभरात एक पान.

हे का होत होतं, ते थोडं उलगडून सांगतो, कारण निर्णय त्यावरच ठरला.

ए-४ आकाराचं पान ६०० डीपीआयवर स्कॅन केलं की आडवे ४,९६० आणि उभे ७,०१६ ठिपके तयार होतात. म्हणजे जवळपास साडेतीन कोटी. रंगीत चित्रात प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले, तर उघडलेलं एक पान मेमरीत शंभर एमबीहून जास्त जागा खातं. शाई गडद करायची म्हटलं की सॉफ्टवेअर आधीच्या पानाची प्रत बाजूला ठेवतं, म्हणजे दुप्पट-तिप्पट. आमच्या मशीनमध्ये रॅम ४ जीबी. त्यातली बरीचशी विंडोज आणि ब्राउझर आधीच अडवून बसलेले. रॅम भरली की मशीन उरलेला माल हार्ड डिस्कवर टाकतं. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेरीला ८ मिलिसेकंद. त्यात सुई जागेवर न्यायचा वेळ मिळवा. सेकंदाला शंभरेक ठिकाणांहून माल उचलता आला तरी पुष्कळ. एसएसडीमध्ये काही फिरतच नाही, त्यामुळे तिथे हाच आकडा हजारांत जातो. घरघर जी ऐकू येत होती, ती या फेऱ्यांची होती.

मशीनमध्ये काय होतं तेही सांगतो. इंटेलचा कोअर २ ड्युओ ई७५००, जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, ३२० जीबीची हार्ड डिस्क. घेताना दोन जीबी रॅम होती. मग आणखी दोन टाकली. एक्सपी होतं, त्यावर विंडोज ७ आलं, नंतर १०. एसएमपीएस दोनदा बदलला. डीव्हीडी ड्राइव्ह मेला, त्याची जागा तशीच रिकामी राहिली. कॅबिनेटचा पंखा मोहल्ल्यातल्या रेडिओवाल्यानं दुसऱ्याच कुठल्या तरी मशीनचा बसवून दिला होता. प्रत्येक दुरुस्ती त्या त्या वेळी रास्तच होती आणि त्या मशीननं आम्हाला पंधरा वर्षं दिली. अब्बांचं म्हणणं त्यातूनच आलेलं होतं.

“चलता है ना? फिर कायकू नवा?”

माझी भाची तंत्रनिकेतनात डिप्लोमा करते. सुट्टीला आली होती. ती म्हणाली, “नाना, चलता नै, घिसटता.”

आता आणखी एक ठिगळ लावायचं म्हटलं तर काय लागलं असतं? चालू बाजारातून गेलेली डीडीआर-३ रॅम, तीही वापरलेली. २४० जीबीची एसएसडी. जुना कोअर २ क्वाड मिळाला तर तो. आणि पुन्हा एक एसएमपीएस. साडेपाच ते सहा हजारांचा मामला. एसएसडीनं फरक नक्की पडला असता, मशीन चालू व्हायचा वेळ निम्म्याहून कमी झाला असता. पण पुढे भिंत होती. या बोर्डाला ८ जीबीच्या वर रॅम चालत नाही. त्याचं सॉकेट ७७५ नंबरचं, त्यात कोअर २ क्वाडच्या पुढचं काही बसत नाही. नवा प्रोसेसर हवा तर बोर्ड बदला. बोर्ड बदलला की जुनी रॅम निरुपयोगी, कारण नव्या बोर्डाला डीडीआर-४ किंवा डीडीआर-५ लागते. रॅम आली की एसएमपीएसकडे बघावं लागतं. म्हणजे एक खिळा काढायला गेलं की अख्खी चौकट हातात येते.

विंडोजचा प्रश्न वेगळाच. विंडोज ११ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. इंटरनेटवर यातून पळवाटा काढणारे खूप व्हिडिओ आहेत. पण विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती एसएसई ४.२ नावाच्या सूचना नसलेल्या प्रोसेसरवर सुरूच होत नाही, आणि ई७५००कडे त्या ४.१पर्यंतच आहेत. इथे पळवाटच नाही. मायक्रोसॉफ्टनं घरगुती वापरासाठी विंडोज १०ला एक वर्षाची जादा मुदत दिली, पण त्यानं हार्ड डिस्कची तबकडी जोरात फिरणार नव्हती.

तिसरा रस्ता होता कंपन्यांनी वापरून काढलेल्या मशीनचा. बँका आणि आयटी कंपन्या तीन-चार वर्षांनी शेकड्यांनी डेस्कटॉप विकतात. ते साफसूफ होऊन सोलापूर, पुणे, हैदराबादच्या बाजारात येतात. हा पर्याय वाईट नाही, ते सरळ सांगतो. फक्त मुलांचा अभ्यास, फॉर्म भरणं, हिशेब एवढंच काम असेल आणि खिशात पंधरा हजारच असतील, तर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असा डेस्कटॉप घ्यावा. सातव्या पिढीपर्यंतचा स्वस्त मिळतो, पण विंडोज ११च्या यादीत तो नाही, हे विकणारा आपण होऊन सांगत नाही. दुसरी अडचण अशी की यातल्या बऱ्याच मशीनमध्ये मदरबोर्ड आणि एसएमपीएस त्या कंपनीच्याच खास मापाचे असतात. उद्या एसएमपीएस उडाला तर उमरग्यात किंवा तुळजापुरात मिळणारा नेहमीचा त्यात बसत नाही.

या टप्प्यावर मला माळवदांची आठवण झाली. आपल्याकडच्यांना माळवद समजावून सांगायला नको. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर मातीचं धाबं. पावसाळ्याआधी गळती थांबवायला धाब्यावर मातीचा नवा थर द्यायचा. दरवर्षी एक थर. प्रत्येक थर शहाणपणाचा, कारण त्या पावसाळ्यात घर गळायचं नाही. पण तुळया त्याच, खालच्या भिंती त्याच. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लोहारा-उमरगा भागातलं सास्तूर आणि कितीतरी गावं झोपेत असताना त्या फूट-दीड फूट मातीखाली गेली. आठ हजारांच्या आसपास माणसं मेली. भूकंप रिश्टरवर सहाच्या थोडा वर होता. इतक्या धक्क्यात इतकी माणसं जायचं मोठं कारण ही जड धाबी आणि मातीत बांधलेल्या भिंती होत्या, हे नंतरच्या सगळ्या अभ्यासांनी सांगितलं.

पुढे काय झालं तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. सरकारनं सगळी घरं पाडली नाहीत. लातूर-उस्मानाबादची जास्त नासधूस झालेली ५२ गावं नव्या जागी पूर्ण बांधली. त्याबाहेरच्या गावांत हजारो घरं जागच्या जागी दुरुस्त करून बळकट केली. म्हणजे प्रश्न घर जुनं आहे की नवं हा नव्हता. पाया आणि सांगाडा आणखी भार पेलणार का, हा होता. पेलणार असेल तर दुरुस्ती, नसेल तर नवं. एका निर्जीव डब्याची त्या मरणांशी बरोबरी करायची नाही. पण निर्णय घ्यायची ही रीत मी तिथून उचलली. आमच्या मशीनचा पाया म्हणजे बोर्ड, आणि तो पुढचा एकही थर पेलणार नव्हता.

अब्बांना हे माळवदाचं पटलं. त्यांनी १९९३ पाहिलेलं आहे. फक्त एक अट घातली, “जो लेगा वो दस साल चलना.”

ही दहा वर्षांची अट महत्त्वाची ठरली. इंटेलनं २०११ ते २०२१ या दहा वर्षांत डेस्कटॉपसाठी पाच सॉकेट बदलली: ११५५, ११५०, ११५१, १२००, १७००. एएमडीचं एएम४ सॉकेट २०१६मध्ये आलं आणि त्यात बसणारे प्रोसेसर २०२५मध्येही दुकानात नवे मिळत होते. याचा अर्थ उद्या गरज पडली तर बोर्ड न बदलता आणखी ताकदीचा प्रोसेसर घालता येईल. म्हणून एएम४ ठरलं. नव्या एएम५ला आयुष्य आणखी मोठं आहे, पण बोर्ड आणि डीडीआर-५ रॅम मिळून खर्च आमच्या हाताबाहेर जात होता.

यादी भाचीनं केली. मी फक्त प्रश्न विचारले. ऑगस्टमध्ये आम्हाला पडलेले भाव असे:

प्रोसेसर रायझन ५ ५६००जी: ११,५०० रुपये
ए५२० चिपसेटचा मदरबोर्ड: ५,२०० रुपये
डीडीआर-४ रॅम, ८ जीबीच्या दोन पट्ट्या: ३,६०० रुपये
५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी: ३,००० रुपये
४५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ एसएमपीएस: २,९०० रुपये
कॅबिनेट: १,९०० रुपये

एकूण २८,१०० रुपये. मॉनिटर, कीबोर्ड, माउस, स्कॅनर आणि यूपीएस जुनेच.

यात दोन ठिकाणी लोक हात आखडतात, म्हणून त्यावर थोडं बोलतो. पहिलं ठिकाण ग्राफिक्स कार्ड. ते आम्ही घेतलंच नाही. ५६००जीच्या पोटातच ग्राफिक्स आहे. कागद मोठे करणं, व्हिडिओ बघणं, टायपिंग यासाठी ते भरपूर आहे. मात्र पोटातलं ग्राफिक्स रॅममधूनच जागा घेतं, म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी ८-८च्या दोन घ्याव्यात. दोन वाटांनी माल येतो आणि वेग वाढतो. दुसरं ठिकाण एसएमपीएस. कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस वापरून हजार-दोन हजार वाचवायचा मोह होतो. आपल्याकडे व्होल्टेज कधी १८०, कधी २५०. लाइट जाते ती जाते, पण येताना झटका देऊन येते. एसएमपीएस हा घराचा दरवाजा आहे. तो कच्चा असेल तर आतलं सगळं सामान चोराचं.

गंमत म्हणजे वीज वाढली नाही. कोअर २ ड्युओ ई७५०० ६५ वॅटचा होता, ५६००जीही ६५ वॅटचाच. त्याला दोन कोअर, याला सहा. त्याची घडण ४५ नॅनोमीटरची, याची ७. मधल्या बारा वर्षांत तेवढ्याच विजेत कितीतरी पट काम बसायला लागलं. जुनं यंत्र फुकटात चालतं असं वाटतं, पण तासाभराच्या कामाला चार तास घेणारं यंत्र विजेचं बिल भरून माणसाचं आयुष्यही खातं.

खरेदीला आम्ही हैदराबादला गेलो. उमरग्याहून हुमनाबाद, जहिराबाद, संगारेड्डी करत चार-पाच तास. सिकंदराबादच्या पार्क लेन भागात चेनॉय ट्रेड सेंटर आहे, सगळे ‘सीटीसी’ म्हणतात. मुंबईला जसा लॅमिंग्टन रोड, तसं हे. आपल्या भागातल्या जुन्या लोकांना अजूनही दवाखाना, लग्नाचा बस्ता आणि कोर्टाचे कागद यासाठी हैदराबाद आठवतं. तारनाक्याच्या पुराभिलेखागारात निजामकाळाचं दफ्तर आहे, तिथे अब्बा तरुणपणी एकदा जाऊन आले होते. इतिहासानं सरहद्द बदलली तरी बसची पाटी बदलली नाही. दुकानात जाण्याआधी भाचीनं ऑनलाइन भाव काढून ठेवले होते. चार दुकानं फिरलो. पक्कं बिल घेतलं, प्रोसेसरचा खोका सीलबंद बघून घेतला. तीन वर्षांची वॉरंटी या दोन गोष्टींवरच उभी असते.

जोडणी घरीच झाली, हॉलमध्ये, जुनी चादर अंथरून. आपल्या मोहल्ल्यात हुनर कमी नाही. मोटारसायकलचं इंजिन उघडणारे, रेडिएटरला टाका मारणारे, फ्रिजमध्ये गॅस भरणारे, मोटार वाइंडिंग करणारे हात गल्लीगल्लीत आहेत. त्यांच्यापुढे कॉम्प्युटर जोडणं काहीच नाही. सॉकेटची दांडी उचलायची, प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि जोर न लावता ठेवायचा. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. बोर्डाखाली पितळी खुंट्या आल्याच पाहिजेत, नाहीतर बोर्ड पत्र्याला चिकटून शॉर्ट होतो. मोठी २४ पिनची वायर बोर्डाला, ८ पिनची प्रोसेसरच्या वर. समोरच्या बटणाच्या बारीक वायरींनाच काय तो वेळ लागतो. समोरच्या गॅरेजमधला पोरगा उत्सुकतेनं बघायला आला आणि पंख्याचे स्क्रू त्यानंच आवळले, तेही आडव्या जोडीनं, थोडे थोडे. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. सिलिंडर हेडचे बोल्टही असेच आवळतात.

मला तेव्हा वाटलं, आपल्या पोरांच्या हातात जे आहे, त्याला आपण कधी ‘टेक्नॉलॉजी’ म्हणून पाहिलंच नाही. डिप्लोमा करणारी भाची आणि नववीत शाळा सुटलेला तो पोरगा एकाच बोर्डावर वाकले होते. दोघांनाही एकमेकांकडून काहीतरी मिळत होतं.

बटण दाबण्याआधी एक काम राहिलं होतं, अर्थिंगचं. जुन्या घरांत बोर्डाला तीन भोकं असतात, पण तिसऱ्यामागे बहुतेकदा वायरच नसते. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात त्या यामुळे. अंगणात खड्डा खणून, कोळसा आणि मीठ घालून अर्थिंग करून घेतलं. खर्च फार नाही. कॉम्प्युटर नवा घ्या किंवा जुना ठेवा, हे मात्र कराच.

मग सॉफ्टवेअर. विंडोजचं अधिकृत लायसन्स घेतलं तर बजेट आणखी नऊ-दहा हजारांनी वाढत होतं. बाजारात दोन-चारशे रुपयांत ‘टाकून’ देणारे भरपूर आहेत. अब्बांनी विचारलं, “इसमें चोरी का कुछ है क्या? मस्जिद का काम है.” घरात शांतता पसरली. वक्फ म्हणजे अल्लाहच्या नावे कायमची दिलेली अमानत. तिची नोंद चोरीच्या मालावर बसून करायची, हे बोलायलाही अवघड होतं. लिनक्स मिंट टाकलं, ते रीतसर फुकट आहे. स्कॅनर चालला, पोर्टल ब्राउझरमध्येच उघडतं, मराठीचा आणि उर्दूचा कीबोर्ड दोन्ही बसले. अडचण होती ती इनपेजची. आपल्याकडच्या उर्दू टायपिंगची दोन पिढ्या इनपेजवर गेल्या आणि त्याच्या जुन्या फाइल युनिकोडमध्ये नसतात. आता नवं टायपिंग आम्ही लिब्रेऑफिसमध्ये, नस्तालिक फॉन्टमध्ये थेट युनिकोडवर करतो. म्हणजे तो मजकूर कुठल्याही मोबाइलवर उघडतो, शोधताही येतो.

शोधण्यावरून आठवलं. कागदांच्या फाइलना नावं देताना जिल्ह्याचं काय लिहायचं, हा प्रश्न आला. जुन्या कागदांवर नळदुर्ग, कारण पूर्वी जिल्हाच त्या नावाचा होता. नंतरच्या कागदांवर सातव्या निजामाच्या नावाचं उस्मानाबाद. २०२३पासून धाराशिव. भाचीनं प्रत्येक फाइलला तिन्ही नावं दिली. “कोई भी ढूंढे तो मिलना,” म्हणाली. नावांवर आपण बरीच वर्षं भांडलो आहोत. तिचा मार्ग मला सोपा वाटला.

कामाचा हिशेब सांगायचा तर, जे पान तासाला एक व्हायचं, ते तासाला सहा-सात व्हायला लागलं. ऑपरेशनच्या आधी अब्बांनी आमच्या आणि आसपासच्या सहा गावांचे कागद वाचून संपवले. आमच्या कब्रस्तानच्या मुंतखबातला ‘मशरूतुल खिदमत’ हा शब्द घडीच्या रेघेवर होता, शाई उडालेली. पानाचा तेवढा तुकडा मोठा करून, निळा रंग काढून टाकल्यावर ‘शीन’चे शोशे दिसले. अब्बा बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत राहिले. म्हणाले, “लिखनेवाले का हाथ कांप रहा था.” मी आणि भाचीनं प्रत्येक वाचन त्यांच्या आवाजात रेकॉर्डही करून ठेवलं आहे. कुठला फर्राटा म्हणजे कुठलं अक्षर, हे ते बोलत जातात. भाची आता पंधरा-वीस नेहमीचे शब्द स्वतः ओळखते.

जुनं मशीन फेकलं नाही. त्यातल्या इनपेजच्या फाइल उतरवून होईपर्यंत ते इंटरनेटविना तसंच ठेवलं. मग दीड हजाराची एसएसडी आणि हलकं लिनक्स घालून मोहल्ल्यातल्या वाचनालयाला दिलं. मुलं त्यावर टायपिंग शिकतात. तेवढं काम त्याचा पाया सहज पेलतो.

एक सूचना, कारण बाजार बदलला आहे. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली आणि मायक्रॉननं तर डिसेंबरमध्ये क्रुशियल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसायच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आम्ही ३,६००ला घेतलेल्या पट्ट्या आज त्या भावात मागू नका. त्यामुळे तुमच्या मशीनमध्ये आधीच डीडीआर-४ रॅम आणि आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर असेल, तर नवं जोडायच्या भानगडीत पडू नका. एसएसडी घाला, धूळ झाडा, पेस्ट बदला, आणखी पाच वर्षं निघतील. डीडीआर-३ किंवा त्याआधीचं असेल, आणि काम रोजच्या रोजीचं किंवा जबाबदारीचं असेल, तर ठिगळात पैसे घालू नका. झाकण उघडा, बोर्डावरचा नंबर वाचा आणि तो अजून काय पेलू शकतो ते बघा. नंबर वाचता येत नसेल तर गल्लीत कुठली तरी भाची असेल. तिला विचारा.

आणि हो, घरात कुणी जुने कागद वाचणारं असेल, तर मशीन कुठलंही असो, त्यांच्याजवळ आज संध्याकाळीच बसा.